आजींचा चौविहार कोणासाठी?

स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाईंना सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही न देणं, याला मी धर्म म्हणायला तयार नाही. पच्चक्खाण समजून-उमजून घ्यायचं असतं. सकाळ की संध्याकाळ हेच ज्यांना कळत नाही, त्यांचा चौविहार आपण कसा पाळणार? शिवाय पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार आहेच. शास्त्राने दिलेली सूट आपण का काढून घ्यायची?

नाशिकचा एप्रिल-मे आठवा. शरीरात पाणी कमी पडलं, लघवीला जंतुसंसर्ग झाला, की असं माणूस एका दिवसात बदलतं. काल हाकेला बघणारी आजी आज बरळते, कपडे ओढते, नाहीतर नुसती पडून राहते. ताप असेलच असं नाही. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. घरातले म्हणतात, ‘वय झालं.’ अहो, वय काय एका रात्रीत होतं? १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. गोळ्यांची यादी पर्समध्ये ठेवा आणि दवाखान्यात उशाशी घरचंच माणूस बसवा, कारण कुठे दुखतंय ते त्यांना सांगता येत नाही.

सगळ्यात राग येतो तो ‘आता संथारा द्या’ म्हणणाऱ्यांचा. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यावर बंदी आणली, तेव्हा समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तेव्हा आपलं म्हणणं काय होतं? संथारा म्हणजे पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या इच्छेने घेतलेलं व्रत. मग शुद्ध हरपत चाललेल्या आजींच्या वतीने ते कोण घेणार, सूनबाई?