पूर्वज शोधायचा तर आधी गोडादऱ्यात

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे सध्या एक ठराव आहे. वंशवृक्ष जुळवून देणाऱ्या एका संकेतस्थळाची सामूहिक वर्गणी मंडळाच्या निधीतून भरायची, जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं चाळायची सोय सभासदांना करून द्यायची आणि ज्याला जे सापडेल त्याचा देखणा विशेषांक काढायचा. मांडणाऱ्यांची हौस खरी आहे. तरी माझा या ठरावाला विरोध आहे. ज्यांचे पणजोबा रावबहादूर होते, वकील होते, गेला बाजार एखाद्या परिषदेचे चिटणीस होते, त्यांना या खर्चातून काहीतरी मिळेल. त्यांच्या घरी बहुधा छापील कुलवृत्तान्तही असेल. बाकीचे नाव टाइप करतील, काही येणार नाही, आणि ‘आमच्यात सांगण्यासारखं कुणी झालंच नाही’ असं म्हणून गप्प बसतील. ही समजूत खोटी आहे. निदान ती पैसे मोजून विकत घेऊ नये.

आपल्या मंडळात सुरतेहून आलेली, मूळची खान्देशी अशी घरं आता बरीच आहेत. मी त्यांतलाच, गोडादऱ्याचा. लिंबायत आणि डिंडोलीच्या शेजारचा हा सुरतेचा भाग. इथं रिक्षावाल्याशी आहिराणीत बोललं तरी काम होतं आणि ‘कुठले?’ विचारलं की शिंदखेडा, साक्री, शिरपूर, पारोळा, अमळनेर अशीच उत्तरं येतात. ही वस्ती ताप्ती लाइननं आणली. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगाव-भुसावळकडं जाणारा हा मार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला. 1972 च्या दुष्काळात त्या रुळांवरून माणसांची रीघ लागली. सुरतेत लूमखाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने होते, साड्यांच्या प्रिंटिंग मिल होत्या, पुढं कापड मार्केटं उभी राहिली. गोडादरा तेव्हा साधं खेडं. शेतांत प्लॉट पडत गेले, सोसायट्या झाल्या. महापालिका पोचली ती पुष्कळ नंतर.

आता या माणसांना वर्तमानपत्रात शोधा. सुरतेचं ‘गुजरातमित्र’ 1863 पासून निघतंय, म्हणजे साधनांचा तोटा नाही. सप्टेंबर 1994 मध्ये शहरात प्लेगची भीती पसरली आणि काही दिवसांत लाखो लोक सुरत सोडून पळाले. जगभरच्या पेपरांत त्याच्या बातम्या आल्या, तोंडाला फडकी बांधलेल्या माणसांचे फोटो आले. भुसावळकडं निघालेल्या त्या गर्दीत माझे आजोबा होते. बातमीत गर्दी आहे, आजोबा नाहीत. गरिबाचं नाव छापून येतं ते तो चोर ठरला, गाडीखाली सापडला किंवा त्याची जमीन लिलावात निघाली तर. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारात पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या साथीदारांची नावं आपल्याला पाठ आहेत, ती असायलाच हवीत. पण मिरवणुकीत चालणारी, गोळी चुकलेली पोरं कोण होती? पेपर सांगत नाही. त्यांतला कुणी तुरुंगात गेला असेल तर तुरुंगाच्या नोंदवहीत आणि पुढं त्यानं पेन्शनला अर्ज केला असेल तर त्या फायलीत सापडेल.

वर्तमानपत्र अगदीच टाकाऊ आहे असं नाही. फक्त पहिलं पान सोडून जाहीर नोटिसांच्या रकान्याकडं वळावं. तिथं बापाच्या नावासकट नाव असतं, गाव असतं, सर्व्हे नंबर असतो, चतुःसीमा असते. अग्रलेखात ज्याला कधी जागा मिळाली नसती असा शेतकरी तिथं पत्त्यासकट उभा असतो, कारण त्याच्यावर दावा झालेला असतो.

याच्या उलट मॉरिशस पाहा. तिथल्या मराठी कुटुंबांचे पूर्वज मुंबई बंदरातून करारावर उसाच्या मळ्यांत गेले. 1834 नंतर हिंदुस्थानच्या सगळ्या बंदरांतून मिळून साडेचार लाखांच्या घरात मजूर त्या बेटावर उतरले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदवह्या जपल्यात: प्रत्येकाला क्रमांक, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज, गाव. 1860 च्या दशकापासून पुष्कळांचे फोटोदेखील. पणतू तिथं जातो आणि पणजोबांचा चेहरा बघून येतो. हे पाहून आपल्याला वाटतं, केवढी ही इतिहासाची कदर! कदर कसली. मळेवाल्यानं माणसामागं पैसे मोजले होते. तो पळाला तर ओळख पटायला हवी होती. समुद्र ओलांडलेल्या मजुराचा दीडशे वर्षांपूर्वीचा चेहरा म्हणून शिल्लक राहिला. पॅसेंजरनं सुरतेला उतरलेल्याचं मात्र नावही कुणी विचारलं नाही, कारण तिकिटावर नाव लागत नव्हतं.

माझं म्हणणं यातूनच निघतं. कुणाची आठवण राहावी म्हणून दफ्तर ठेवत नाहीत. त्या माणसाकडून कुणाला तरी काहीतरी हवं असतं, सारा, व्याज, हजेरी, मत, म्हणून नोंद होते. तेव्हा ‘माझा पूर्वज कोण होता’ या प्रश्नानं सुरुवात केली की वाट बंद होते. त्याच्याकडं कुणाचं काय येणं होतं, हे आधी विचारावं.

गावात हे येणं वसूल करणारे दोघं: सरकार आणि सावकार. सरकारचा कागद पुष्कळ उरलाय. पहिला कागद जन्ममृत्यूच्या नोंदीचा, म्हणजे गाव नमुना 14, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. ते उघडणाऱ्याची पहिली निराशा ठरलेली. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बापाचं नाव, जात, आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नावावरून शोधणारा हात हलवत परत येतो आणि तलाठ्याला शिव्या देतो. पण नाव दुसऱ्या बाजूनं कामाला येतं. समजा घरात सांगतात की पणजोबांचं नाव दगडू. किंवा धोंडू, भिका, उखा. खान्देशात, आणि बाकी महाराष्ट्रातही, अशी नावं सहसा आधीची मुलं दगावल्यावर ठेवत. दगडाला कोण नेणार, उकिरड्यावरच्याकडं कोण बघणार, ही भावना. म्हणजे नाव हाच पुरावा झाला. पणजोबांच्या अंदाजी जन्मवर्षाच्या आधीची चार-पाच वर्षं घ्यायची आणि मृत्यूच्या पानांवर पणजोबांच्या बापाचं नाव हुडकायचं. मुलगा, वय चार महिने, ताप. मुलगी, वय दीड वर्ष, देवी. घरात ज्यांचा उच्चारही उरला नाही अशी ती भावंडं पानावर मिळतात. 1918 चा ऑक्टोबर ज्या गावात शिल्लक आहे तिथं तर वंशवृक्षाच्या फांद्या एका महिन्यात का तुटल्या हे सांगायला इतिहासकार लागत नाही; इन्फ्लुएन्झाच्या साथीनं मुंबई इलाख्यात त्याच दिवसांत सर्वांत जास्त माणसं नेली.

दुसरा कागद शाळेचा. जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख मनावर घेऊ नका. अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म मास्तरांनी 1 जूनला लावलाय. बघायचा तो ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना. आजोबांच्या नावापुढं ‘सतत गैरहजर’ आहे आणि नाव काढल्याचा महिना डिसेंबर आहे. डिसेंबरात आमच्याकडं कापूस वेचतात. मास्तरांनी ‘मजुरीला गेला’ असं लिहिलं नाही, तरी तारखेनं लिहिलंय. तिसरा कागद फेरफाराचा, गाव नमुना 6. वारस कोण लागले, तुकडा कुणाला गेला, सोसायटीच्या कर्जाचा बोजा कधी चढला. गाव का सुटलं याची घरात सांगतात ती गोष्ट आणि फेरफार सांगतो ती गोष्ट पुष्कळदा जुळत नाही. दुष्काळाच्या आधीच जमीन गहाण पडलेली असते.

हे सगळं कुठं आहे, यातच अर्धा दम निघतो. खान्देश जिल्ह्याचे 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम भागाचा पुढं धुळे जिल्हा झाला, त्यातून 1 जुलै 1998 ला नंदुरबार निघाला. म्हणजे नंदुरबारच्या गावाचा जुना कागद धुळ्यात असायचा. शिवाय 1 मे 1960 ला नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावं गुजरातेत गेली. तिथल्या एकाच घराण्याची आधीची पानं मराठीत आणि नंतरची गुजरातीत. मराठी पानांतलीही जुनी मोडीत. धुळे जिल्ह्याचं जुनं महसुली दफ्तर सरकारनं स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर ठेवलंय हे बरं झालं, पण स्कॅन केलेली मोडी ही मोडीच असते. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात 1926 च्या शेवटच्या दिवशी वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं उभं राहिलं, आणि त्याच धुळ्याचा सातबारा लावायला आज मोडीवाचक शोधत फिरावं लागतं.

कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप सामान्य माणूस करेल का? करतो. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि 50 लाखांहून अधिक नोंदी निघाल्याचं सरकारनं सांगितलं. शाळांची कपाटं उघडली, तहसिलीतली गाठोडी सुटली. महाराष्ट्रात पूर्वजांचा एवढा मोठा शोध बहुधा कधीच झाला नव्हता. आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही. मला खटकतं ते वेगळंच: लोकांनी पानावरचा एक शब्द घेतला, नक्कल काढली आणि पान मिटलं. त्याच ओळीत पणजीच्या मृत्यूचं कारण होतं, ते वाचायला कुणाला सवड नव्हती.

गावाकडचा कागद निदान कपाटात तरी आहे. गोडादऱ्याचा कागद घरात आहे, आणि तो जातोय. लूमखात्यावर नेमणूकपत्र कसलं? मीटरवर मजुरी, मास्टरच्या हातात हजेरीची डायरी, शेठच्या वहीत उचल. उचल घेतली असेल तर नाव. नसेल तर नाही. दक्षिण गुजरातच्या मजुरांवर अनेक वर्षं लिहिणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांची पुस्तकं वाचली की ही माणसं कशी जगली हे कळतं, कोण होती हे कळत नाही. तो त्यांचा विषयही नव्हे. ते सांगणारे कागद पलंगाखालच्या पेटीत असतात: प्लॉटचं साटाखत, घरपट्टीचं पहिलं वेराबिल, लाइटबिल, जुनं रेशनकार्ड, गावाहून आलेली पोस्टकार्डं, लग्नपत्रिका. नाव गुजरातीत गेल्यावर आडनाव पुढं येतं, नावाला ‘भाई’ चिकटतो, आणि गावचा दगडू उखा सुरतेच्या कागदावर वेगळाच कुणीतरी होतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले तरच माणूस एक आहे हे पटतं. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांतली दाखल रजिस्टरं हा त्यातला दुवा, कारण तिथं जन्मगावाचा रकाना आहे. घर तीन मजली झालं की पेटी भंगारवाल्याकडं जाते.

बायकांचं काय, हा प्रश्न ठरावाच्या सभेत कुणी विचारला नाही. खान्देशच्या कानबाईदेवीच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांची नावं घेत मुठीनं गहू मोजतात आणि रोट भाऊबंदकीतच खातात. पिढ्यान् पिढ्या चाललेली ही तोंडी वंशावळ, पण त्यात लेक नाही. दफ्तरात तिचं नाव येतं ते बहुधा हक्क सोडताना. आजीचं माहेर शोधायचं असेल तर तिच्या भावांचा फेरफार काढावा. हक्कसोडपत्रात बहिणी एका ओळीत अंगठे देऊन उभ्या असतात. वंशवृक्षाच्या संकेतस्थळावर हे कुठल्या खिडकीत भरायचं, ते ठराव मांडणाऱ्यांनी सांगावं.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. जुन्या बऱ्याच कागदांवर जात लिहिलेली असते. काही घरांनी आडनाव मुद्दाम बदललंय आणि ते का बदललं हे त्यांना माहीत आहे. म्हणून जे सापडेल ते त्या घराच्या हवाली करावं. विशेषांकात काय छापायचं हे घरानं ठरवावं, संपादक मंडळानं नव्हे. विशेषांक त्यामुळं सडपातळ झाला तरी हरकत नाही.

वर्गणीच्या रकमेत गोडादऱ्यातली दोन शिकलेली पोरं वर्षभरासाठी मानधनावर नेमता येतील, एक स्कॅनर घेता येईल आणि धुळ्याच्या मोडीवाचकाचे पैसे देता येतील. कागद ज्याचा त्याच्या घरीच राहील, स्कॅन तेवढा आपल्याकडं. सत्तरीच्या पुढची जी माणसं 1972 च्या आसपास आली, त्यांच्याकडं आधी जायचं, आणि नाव विचारण्याआधी विचारायचं की सुरतेत पहिली उचल कुणाकडून घेतली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा सगळी भाऊबंदकी एका घरी असते, गावाकडचे म्हातारेसुद्धा आलेले असतात. ठराव बदलायचा तर तो श्रावणाच्या आधी बदलावा.