एक मिनिट, मावशी!

बालमित्रांनो, पुढचं वाचण्याआधी एक छोटं काम करा. घरात कुणी झोपलं असेल, तर त्याच्या पोटाकडे किंवा छातीकडे बघा. हात लावू नका, उठवू नका. घड्याळ समोर ठेवा आणि पूर्ण एका मिनिटात ती छाती किती वेळा वर येते ते मोजा. वर येऊन खाली गेली की एक.

मोजलंत? तो आकडा पाटीवर नाहीतर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आता गोष्ट ऐका.

दिवाळीनंतरचे दिवस. आपल्या गोंदिया जिल्ह्यात हे दिवस कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. बांध्यांतलं धान कापून झालेलं, कुठे चुरणी चाललेली आणि गावोगावी मंडई. त्या दिवशी आमच्याही गावाची मंडई होती. रात्री नाटक होतं. माझी भाची सुटीत माझ्याकडे आली होती. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. नवीन शिकलेलं माणूस कसं असतं? दिसेल त्याची नाडी बघायची! माझी नाडी तिने चार दिवसांत नऊ वेळा मोजली. दूधवाल्याचीही मोजली.

आम्ही नाटकाला निघालो, तर शेजारच्या आजी दारात. कडेवर दहा महिन्यांचा नातू. म्हणाल्या, "बाई, जरा पाहून द्या न. पोट्टा दुपारपासून नीट पेऊनच नाही राहिला."

आता मी काही डॉक्टर नाही. मी चौथीच्या वर्गाला शिकवते. पण खेड्यात शाळेतल्या बाईंना सगळंच येतं, असं लोक धरून चालतात. आणि खरं सांगू का, आपल्यालाही तसंच वाटायला लागतं! मी बाळाच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. मी म्हटलं, "ताप नाही आजी. सर्दी आहे. झोपू द्या, सकाळी बघू." आणि चपला घातल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, "एक मिनिट, मावशी!"

भाचीने हात धुतले. आजींना विचारलं, "आजी, मी बघू का त्याला?" मग बाळाला आजींच्या मांडीवरच राहू दिलं, त्याचं झबलं वर केलं आणि ती नुसती बघत बसली. बाळ शांत होतं, रडत नव्हतं. तिच्या हातात घड्याळ होतं. ओठ हलत होते. मला तर ते एक मिनिट तासासारखं वाटलं. बाहेर लाऊडस्पीकरवर नाटकाची घोषणा चालू होती.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली. "मी परत मोजते." दुसऱ्यांदा छप्पन्न आले. मग तिने आजींना विचारलं, "याला काही औषध दिलं होतं का?"

"दिलं न. दुपारी अंग लय तापलं होतं, तं तापाचं औषध पाजलं."

आलं लक्षात? औषधाने ताप उतरला होता, म्हणून माझ्या हाताला कपाळ गार लागलं. पण श्वास काही उतरला नव्हता.

मुलांनो, हा आकडा एवढा महत्त्वाचा का, ते नीट समजून घ्या. न्युमोनिया म्हणजे फुप्फुसांचा आजार. फुप्फुसांत लहान लहान हवेच्या पिशव्या असतात. आजारात त्यांत पाणी-पू साठतो. मग एका श्वासात पुरेशी हवा आत जात नाही. शरीर काय करतं? जास्त वेळा श्वास घेतं. घागर गळकी असली की आपण विहिरीवर जास्त खेपा घालतो ना, तसंच. म्हणून बाळ शांत असताना एका मिनिटाचे श्वास मोजले, की आत काय चाललं आहे याचा अंदाज बाहेरून येतो. जगभर आरोग्य कार्यकर्त्यांना यासाठी तीन आकडे शिकवतात. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, तर ते श्वास जलद समजायचे आणि बाळाला दवाखान्यात न्यायचं. आजींचा नातू दहा महिन्यांचा होता. त्याचे होते ५६.

आम्ही १०८ नंबरला फोन लावला. गाडी येईपर्यंत भाचीने एका कागदावर लिहिलं, "रात्री ८ वाजून १० मिनिटे. श्वास ५६. दुपारी तापाचं औषध दिलं. दूध नीट पीत नाही." दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तो कागद वाचला, मग छातीला नळी लावली. बाळाला प्राणवायू लावला, औषध सुरू केलं. मी बाकावर बसून राहिले. "झोपू द्या, सकाळी बघू" हे माझेच शब्द माझ्या कानात घुमत होते. त्या वेळी मला नाटक नको होतं, मंडई नको होती. ते बाळ एकदा दूध पिताना दिसावं, एवढंच हवं होतं.

बाळाचं काय झालं ते शेवटी सांगते. त्याआधी भाचीने रात्री त्या बाकावर बसून मला जे शिकवलं, ते तुम्हाला शिकवते.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना रोग्याला तपासण्याच्या चार रीती शिकवतात. पहिली, पाहणं. दुसरी, हाताने चाचपणं. तिसरी, बोटाने ठोकणं. चौथी, नळीने ऐकणं. क्रमही साधारण हाच. मी काय केलं होतं? पहिली रीत टाकून थेट दुसरीवर उडी मारली होती! मात्र पोट तपासताना क्रम बदलतो, बरं का. आधी पाहायचं, मग ऐकायचं आणि नंतर ठोकायचं, चाचपायचं. कारण पोट दाबलं की आतड्यांची गुडगुड बदलते. मग खरी गुडगुड कोणती आणि आपल्या दाबण्याने झालेली कोणती, हे कसं कळणार?

ठोकून काय कळतं, असं तुम्ही विचाराल. बाजारात माठ घेताना आजी बोटाने वाजवून बघते ना? तशीच ही युक्ती. ऑस्ट्रिया देशात लिओपोल्ड औएनब्रुगर नावाचे डॉक्टर होते. त्यांचे वडील खानावळ चालवायचे. दारूच्या पिंपावर ठोकून ते किती भरलं आहे हे ओळखायचं, असं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, असं सांगतात. मोठेपणी त्यांनी माणसाच्या छातीवर बोटांनी ठोकून बघितलं. जिथे हवा आहे तिथे आवाज पोकळ, जिथे पाणी साठलं आहे तिथे आवाज बद्द. १७६१ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. पण लोकांनी बरीच वर्षं तिकडे लक्षच दिलं नाही.

आणि नळी? ती तर कागदाची होती! १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका बाईंच्या हृदयाचे ठोके ऐकायचे होते. छातीला कान लावणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक छातीवर ठेवलं आणि दुसऱ्याला कान लावला. ठोके नुसत्या कानापेक्षाही स्वच्छ ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडाची नळी केली. आज डॉक्टरांच्या गळ्यात दिसतो तो स्टेथोस्कोप तिचाच वंशज.

पण ही साधनं जवळ नसली तरी काम अडत नाही, हे दाखवणारी गोष्ट आपल्या अगदी शेजारची आहे. अर्जुनी मोरगाव ओलांडून वडशाकडे गेलं की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. १९८० नंतरच्या त्या दशकात तिथे लहान मुलं न्युमोनियाने फार दगावत. गावोगावी डॉक्टर कुठून आणायचे? म्हणून त्यांनी गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दाईंना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. पण बऱ्याच दाई शिकलेल्या नव्हत्या. पन्नास-साठपर्यंत मोजणार कशा?

मग त्यांनी एक साधं यंत्र तयार केलं. त्यात एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी, दुसरी मोठ्या बाळांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. म्हणजे दहापर्यंत मोजता आलं की झालं! वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला उपचार हवा. आहे की नाही गंमत? या कामाचा निकाल १९९० साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यांच्या माणसांनी उपचार केलेल्या न्युमोनियाच्या मुलांमध्ये शंभरात एकापेक्षाही कमी मूल दगावलं. ज्या गावांत हे काम नव्हतं, तिथे शंभरात तेराहून जास्त. एवढा फरक कशाने पडला? कुणीतरी वेळेवर मोजलं आणि लगेच औषध दिलं म्हणून.

आता तुमची पाळी! या आठवड्यात चार गोष्टी करून बघा.

एक. हात धुवा. ज्याला तपासायचं त्याला आधी विचारा. नर्सताईसुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नाहीत.

दोन. नाडी मोजा. मनगटावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला पहिली दोन बोटं अलगद ठेवा. अंगठा ठेवायचा नाही. का? अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते. दुसऱ्याची मोजता मोजता आपलीच मोजली जायची! शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. तुमची बहुधा थोडी जास्त भरेल. वीस उठाबशा काढा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा.

तीन. श्वास मोजा. पण "मी तुझे श्वास मोजतोय" असं सांगून मोजलं, की समोरचा मुद्दाम वेगळे श्वास घेतो. म्हणून नर्सताई काय करतात? नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवतात आणि गुपचूप छातीकडे बघतात. मोठ्या माणसाचे १२ ते २०, तुमच्या वयाच्या मुलांचे साधारण १८ ते २५ भरतात. लहान बाळाचे मात्र पूर्ण मिनिटभर मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळाचा श्वास कधी भरभर तर कधी सावकाश चालतो.

चार. एका डब्यात अर्धे तांदूळ भरा, झाकण लावा आणि मित्राला द्या. बाहेरून ठोकत ठोकत तांदूळ कुठवर आहेत ते त्याला ओळखू द्या. मग कागदाची गुंडाळी करून एकमेकांचे ठोके ऐका.

एक नियम मात्र लक्षात ठेवा. मोजायचं आपण, लिहायचं आपण, पण रोग ठरवायचा डॉक्टरांनी. आकडा वेगळा वाटला तर घरातल्या मोठ्यांना सांगायचं. मनाने औषध द्यायचं नाही.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. बाळाचे श्वास शांत असतानाच मोजा. रडताना किंवा दूध पिताना आकडा फुगतो. आकडा जलद वाटला तर गावातल्या आशाताईंना किंवा नर्सताईंना बोलवा. पण बाळाची छाती श्वास घेताना खालून आत ओढली जात असेल, बाळ काहीच पीत नसेल, झटके येत असतील किंवा जागं करूनही जागं होत नसेल, तर मोजत बसू नका. थेट दवाखाना गाठा. आणि माझ्यासारखं नुसत्या कपाळाला हात लावून "काही नाही" म्हणू नका.

हो, बाळाचं राहिलंच की! पाचव्या दिवशी ते घरी आलं. आता वर्षाचं होईल. परवा आजी त्याला घेऊन आल्या होत्या. त्याने माझ्या टेबलावरचा खडू उचलला आणि सरळ तोंडात घातला. मी तो काढून घेतला, तर असा भोकाड पसरला की तिसरीचा वर्गही डोकावून बघायला आला. त्या रडण्याचा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

भाची कॉलेजला परत गेली. जाताना तिने माझ्या शाळेच्या पिशवीत एक लहान घड्याळ ठेवलं. त्यात सेकंदकाटा आहे. मी ते वर्गात फळ्याशेजारी टांगलं आहे. आता माझ्या वर्गात कुणी म्हणालं, "बाई, मला बरं नाही वाटत," की मी बोलण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज येतो, "एक मिनिट, बाई!"

तुमचे चारही प्रयोग झाले की आकड्यांचा तक्ता करा आणि तुमच्या गुरुजींना, बाईंना दाखवा. भेटू पुढच्या आठवड्यात.