अर्धी खाच आणि उघडे पाते

दगडी पाटीच्या लाकडी चौकटीकडे आपण कधी निरखून पाहिले आहे काय? चौकटीच्या आतल्या कडेला एक बारीक खाच असते आणि पाटीची कड तीत बसलेली असते. ती खाच आरपार गेली असती, तर चौकट दुभंगली असती. मुळीच नसती, तर पाटी निसटली असती. कपाटाची पाठ, टेबलाच्या खणाचा तळ, दारातील फळी ही सारी अशाच अर्ध्या खोलीच्या खाचेच्या आधाराने उभी असतात.

ही खाच पूर्वी सुतार रंध्याने व पटाशीने पाडीत. आता बेळगाव, खानापूर, निपाणी, कोठेही जा, हे काम बहुधा विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीकडे गेलेले दिसते. टेबलाच्या फटीतून पात्याचा माथा दोन सूत वर काढावयाचा आणि सहा सुतांची फळी त्यावरून सारावयाची, की क्षणात सरळ खाच तयार. पाते जेमतेम पाव इंच वर आलेले असल्यामुळे हे काम आरपार कापण्याहून सौम्य आहे, असा समज सर्वत्र आढळतो. आमचे मत याच्या अगदी उलट आहे. करवतीच्या टेबलावरील सर्वांत जपून करावयाचे काम म्हणजे ही अर्धी खाच होय.

याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. चांगल्या करवतीला पात्यावर झाकण असते आणि पात्याच्या मागे एक उभी पोलादी पट्टी असते. ओंडका चिरताना आराकस चिरेत पाचर ठोकीत, तेच काम ही पट्टी करते. चीर मिटून लाकूड पात्याच्या मागल्या दातांवर आवळू नये, यासाठी ती असते. कारण ते दात वर उसळत असतात आणि त्यांना लागलेले लाकूड ते उचलून थेट माणसाच्या अंगावर भिरकावतात. पुष्कळ यंत्रांत ही पट्टी पात्याहून उंच असते आणि झाकण तिलाच जोडलेले असते. आरपार कापताना लाकडाचे दोन भाग तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. परंतु अर्ध्या खाचेत लाकूड वरून अखंडच राहते. त्याला वाट द्यावयाची म्हणून पट्टी आणि झाकण दोन्ही काढावी लागतात. जी पट्टी पात्याच्या माथ्याहून किंचित बुटकी असते व पात्याबरोबरच खालीवर होते, ती मात्र जागेवर राहू शकते. यंत्र विकत घेणाराने किमतीच्या आधी ही गोष्ट पाहावी.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. खाच पडत असताना पाते लाकडाच्या पोटात दडलेले असते. डोळ्याला दिसत नाही म्हणून हात निर्धास्तपणे फळीच्या पाठीवर ठेवला जातो, आणि फळी संपते तेथे पाते एकाएकी प्रकट होते. नेमके तेथेच ढकलणारा हात असतो. दहा इंची पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. त्या वेगाने बेळगावहून निघालेली मोटार अर्ध्या तासाच्या आत निपाणीस पोहोचेल! हात मागे घेण्यास अवधी मिळेल, ही आशा कोणी धरू नये.

अमेरिकेतील ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार तेथे दरवर्षी सुमारे ३०,००० माणसे अशा करवतींच्या जखमा घेऊन इस्पितळात जातात. बोटाचा स्पर्श होताच काही सहस्रांश सेकंदांत थांबणारी करवत २००४ पासून तेथे विकली जाऊ लागली. परंतु आपल्याकडे दिसते ते वेगळेच. घरी कामास आलेला सुतार हातातला कटर प्लायवुडच्या तुकड्याखाली उलटा बसवितो आणि त्यालाच टेबल मानतो. झाकण नाही, पट्टी नाही, बंद करण्याची कळही हाताशी नाही. त्याच्या कसबाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण शेजारी उभा राहून शिकणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हीच रीत उचलतो, याचे आम्हांस भय वाटते.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या २३ व्या कलमात एक शहाणी अट होती. धोक्याच्या यंत्रावर अल्पवयीनास लावण्यापूर्वी त्याला धोके व खबरदारी पूर्णपणे समजावून द्यावी, आणि त्याला पुरेसे शिक्षण मिळालेले असावे अथवा त्याच्यावर जाणत्याची देखरेख असावी. मात्र दोन-तीन माणसांचे दुकान त्या कायद्याच्या कक्षेत सहसा येतच नसे. जेथे कायदा पोहोचत नाही, तेथे रीतच उपयोगी पडते आणि रीत शाळेत लागू शकते. यास्तव आमचा आग्रह असा, की विद्यार्थ्याने खाच प्रथम हातानेच पाडावी. वेळ जातो, असा आक्षेप येईल. जाऊ द्या. लाकडाचा रेषा कोठे उलटतो, दोन सूत म्हणजे किती, हे हाताला त्याच वेळात कळते.

पुढे ज्याला यंत्रावर हे काम करावे लागेल, त्याने वीज तोडूनच पात्याची उंची बांधावी आणि टाकाऊ तुकड्यावर खाच पाडून पाहावी. फळी वाकलेली नसावी; ती टेबलाला आणि बाजूच्या टेकणपट्टीला सतत चिकटून राहावी. स्वतः पात्याच्या रेषेत उभे राहू नये. हातमोजे घालू नयेत; दात ते पकडून हातासकट ओढतात. दोन छेद देऊन फळीची कड उतरवावयाची असेल, तर सुटणारी पट्टी पाते आणि टेकणपट्टी यांच्यामध्ये अडकता कामा नये, नाहीतर ती बाणासारखी मागे सुटते. आणि काढलेले झाकण पुढची फळी उचलण्यापूर्वी परत बसवावे. ‘आणखी एकच खाच’ म्हणून ते भिंतीशी ठेवले, की महिनाभर तेथेच राहते.

हात पात्यावरून कधीच नेऊ नये, मग वर लाकूड असो वा नसो. त्यासाठी ढकलठोकळा हवा, आणि तो शाळेतच हातकरवतीने करता येतो. वीतभर लांबीचा तुकडा घ्यावा, वर उंच मूठ बसवावी आणि तळाला मागच्या टोकाशी फळीच्या जाडीहून कमी उंचीची टाच ठेवावी. टाच फळीला पुढे रेटते, तळ तिला खाली दाबतो. करवतीचे ओरखडे पडून ठोकळा झिजला, की नवा करावा.