पाडलेले स्मारक, परतलेली माणसे

राजसत्तेला शत्रूच्या तोफांचे भय वाटावे, हे स्वाभाविक होय. परंतु पुन्हा हाती आलेल्या शहरात पाऊल ठेवताच, मृतांच्या स्मरणार्थ बांधलेला एक निःशस्त्र चौथरा सुरुंगाने उडविण्याची निकड जेव्हा तिला भासते, तेव्हा आपल्या सत्तेची मुदत सरत आली आहे हे तिने स्वतःच कबूल केले, असे खुशाल समजावे.

सिंगापूरच्या एस्प्लनेडवर 8 जुलै 1945 रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेच्या अनामिक हुतात्म्यांच्या स्मारकाची कोनशिला बसविली, त्यावेळी इंफाळची मोहीम फसून वर्ष लोटले होते आणि रंगूनही हातचे गेले होते. विजयाची आशा मावळल्यावर आरंभिलेले हे बांधकाम कर्नल सिरिल स्ट्रेसी या अँग्लो-इंडियन अधिकाऱ्याकडे सोपविले होते. ऑगस्टात जपानने शरणागती पत्करली, तरी गवंड्यांच्या थाप्या थांबल्या नाहीत, आणि ऐक्य, विश्वास व बलिदान हे सेनेचे ब्रीद मिरविणारे ते स्मारक ब्रिटिश फौजा उतरण्यापूर्वी पुरे झाले. सप्टेंबरात त्या उतरल्या आणि लॉर्ड माउंटबॅटन यांच्या हुकुमाने ते जमीनदोस्त झाले. त्याच परिसरात पहिल्या महायुद्धात साम्राज्यासाठी पडलेल्यांचा स्तंभ 1922 पासून उभा होता. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

मणिपुरात लोकताक सरोवराकाठी मोइरांग येथे, जेथे 14 एप्रिल 1944 रोजी कर्नल शौकत मलिक यांनी तिरंगा फडकविला, तेथे त्या नष्ट स्मारकाची प्रतिकृती पुढे उभी राहिली आणि 1969 साली तिचे उद्घाटन झाले. सिंगापूरनेही 1995 मध्ये मूळ जागी स्मृतिफलक लावला. दगडाचा मान असा परत मिळाला.

माणसांच्या मानाचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. या सेनेत युद्धबंदी झालेले कसलेले शिपाई होते, तसेच हिंदुस्थानचा किनारा आयुष्यात कधी न पाहिलेले, मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूरही होते. सावंतवाडीकडील तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले, जे मराठा पलटणीतून येऊन या सेनेच्या मुख्यालयाचे प्रमुख झाले, ते स्वतंत्र भारतात केंद्रीय उपमंत्रिपदापर्यंत पोचले. पण सामान्य शिपायाला ब्रिटिशांनी बडतर्फ करून त्याचा थकलेला पगार जप्त केला, आणि स्वराज्य आल्यावर स्वराज्याच्या फौजेनेही, शिस्तीचा दाखला देत, त्याला पुन्हा पलटणीत घेतले नाही. या सेनेच्या ज्या अधिकाऱ्यांवरील लाल किल्ल्यातील खटल्याने सारा देश खवळून उठला, त्यांच्याच सहकाऱ्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तिवेतनाची केंद्रीय योजना लाभण्यास 1972 साल उजाडावे लागले.

मेलेल्याचा गौरव करणे सोपे असते, कारण तो अर्ज घेऊन कचेरीच्या दारात उभा राहत नाही. म्हणून हुतात्मास्मारकाच्या वर्गणीची यादी कोणी माझ्यापुढे ठेवली की, जे जिवंत परतले त्यांची काय वाट लागली, एवढे मी आधी विचारतो, आणि नीट उत्तर मिळाले तरच आकडा घालतो.