रोपाची पावती

नाशिकचे नाव घेताच द्राक्षे आठवतात; परंतु द्राक्षबागेच्या आधी रोपवाटिका येते, हे सहसा ध्यानात येत नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात वेलींची खुंटरोपे आणि टोमॅटो-कोबीची ट्रेमधील रोपे तयार होतात. शहरातील रोपवाटिकांत घराच्या अंगणासाठी आंबा, लिंबू, पेरू यांची कलमे मिळतात. हा व्यापार एका बाबतीत इतर व्यापारांहून वेगळा आहे. कापड उलगडून पाहता येते, धान्य ओंजळीत घेऊन पारखता येते, सोने कसोटीवर घासता येते. रोपाचे तसे नाही. केशर म्हणून घेतलेले आंब्याचे कलम खरोखर केशरचेच आहे का, याचे उत्तर झाडाला फळ लागल्यावर, म्हणजे काही वर्षांनी मिळते. तोवर ग्राहकाच्या हाती विक्रेत्याच्या शब्दाखेरीज काही नसते.

म्हणूनच येथील निराशा अधिक बोचते. खरेदीच्या दिवशी हसून स्वागत होते, रोप गाडीपर्यंत पोहोचवले जाते. महिन्याभरात पाने गळू लागली आणि ग्राहक परत आला, की उत्तर तयार असते: "पाणी जास्त झाले असेल", "ऊन लागले असेल". पावती पाहावी तर तीवर केवळ रक्कम; वाणाचे नाव नाही, तारीखही नाही. दोनशे-तीनशे रुपयांचे नुकसान माणूस विसरतो. आपले म्हणणे कोणी ऐकूनही घेतले नाही, हे विसरत नाही.

दोष नेहमी विक्रेत्याचाच असतो असे मात्र नाही. शेडनेटच्या सावलीत वाढलेले रोप एप्रिलच्या उन्हात थेट लावले तर ते करपणारच. कलमाच्या सांध्याखाली, खुंटावर फुटणारे कोंब वेळीच काढले नाहीत तर तेच जोमाने वाढतात आणि वरची कलम केलेली फांदी मरून जाते. झाड हिरवेगार दिसते, पण फळ भलतेच येते. मग ग्राहक म्हणतो, फसवणूक झाली. विक्रेता म्हणतो, निगा राखली नाही. विकताना दोन मिनिटे देऊन हे समजावून सांगितले असते तर हा वाद उद्भवलाच नसता. रोपाच्या व्यापारात माहिती हा मालाचाच एक भाग आहे; ती न देता रोप देणे म्हणजे अर्धाच माल देणे होय.

कायद्यानेही ही बाजू सांभाळली आहे. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी 1969 चा स्वतंत्र कायदा असून त्यानुसार परवाना आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, हीदेखील अनुचित प्रथाच. पावतीवर मुदत लिहिलेली नसल्यास ती तीस दिवसांची मानली जाते. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी अनेक दुकानांत लटकते. सदोष मालाच्या बाबतीत ती व्यापाऱ्याला तारू शकत नाही, हे आपणही जाणून असावे.

बियाण्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात दिलेला निर्णय येथे मननीय आहे. शेतकरी हाही ग्राहकच असून बियाण्यांचा वेगळा कायदा असला तरी तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. घेतलेले सगळे बियाणे तो पेरून टाकतो. तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हेही न्यायालयाने मान्य केले. जो माल मातीत गेला, त्याचा पुरावा दुर्बळ बाजूकडे मागू नये, असा त्याचा आशय आहे.

व्यापारी घराण्यांना हा विचार नवा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे वापरण्याबरोबरच प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे एका वस्तूच्या नावाने तिच्यासारखी दिसणारी दुसरी वस्तू देणे, हाही येतो. तराजूविषयी आपण दक्ष असतो. नावाविषयी तितके असतो का, हे ज्याने त्याने आपल्या दुकानात पाहावे. रोपवाटिका हे केवळ एक उदाहरण आहे. औषध, बियाणे, विद्युत उपकरणे, विमा, जेथे जेथे मालाचा कस उशिरा लागतो, तेथे तेथे हाच प्रश्न उभा राहतो.

रोप घेणाऱ्याने पावतीवर वाणाचे नाव व तारीख लिहून घ्यावी, कलमाचा सांधा पाहून घ्यावा आणि बिघाड दिसताच छायाचित्रासह कळवावे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे; जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही.

विकणाऱ्याने मात्र एवढेच स्मरावे: मेलेल्या रोपाच्या बदल्यात दुसरे रोप देता येते, परंतु चुकीच्या झाडाला पाणी घालण्यात गेलेली वर्षे कोणालाही भरून देता येत नाहीत. म्हणून तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी बसायला सांगावे आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे.