सबसिडी : देणारा कोण, घेणारा कोण?



‘सबसिडी’ हा शब्द आज गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. खताला सबसिडी, विजेला सबसिडी, ठिबकला सबसिडी. शहरातला पगारदार टोमणा मारतो, ‘आमच्या करावर हे पोसले जातात.’ आम्ही म्हणतो, या शब्दाचे कूळ आधी तपासा.

शब्द मूळचा लॅटिन. रोमन फौजेत मागच्या फळीत बसवून ठेवलेली राखीव कुमक म्हणजे ‘सब्सिडियम’. पुढची फळी मोडली की ती मदतीला धावे. शब्द इंग्लंडात पोचला आणि मदतीची दिशाच फिरली. लढाईसाठी राजाच्या खजिन्यात पैसा कमी पडला की पार्लमेंट त्याला ‘सबसिडी’ मंजूर करी आणि ती वसूल होई रयतेकडून. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात जमिनीच्या उत्पन्नावर पौंडाला 4 शिलिंग असा दर होता. पौंडाचे शिलिंग 20; म्हणजे पाचवा हिस्सा! सबसिडी हे चक्क कराचे नाव होते. देणारी रयत, घेणारा राजा.

पुढे अर्थ उलटला, असे शब्दकोश सांगतात. व्यवहार उलटला काय? ‘ओईसीडी’ आणि दिल्लीची ‘इक्रिअर’ या संस्थांनी 2018 साली हिशेब मांडला. खता-विजेची सवलत जमेस धरूनही 2000-01 ते 2016-17 या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे 14 टक्के निघाला. उणे! निर्यातीवर बंधने घालून, व्यापाराला वेसण घालून भाव पाडले, त्याची ही वजाबाकी. माल विकून वर पदरचे पैसे भरावे लागले तर त्याला आपण उलटी पट्टी म्हणतो. ही साऱ्या देशाच्या शेतीची उलटी पट्टी आहे.

त्यानंतरही सरकारची खोड गेली नाही. डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली. ती मे 2024 मध्ये उठली, पण निर्यात शुल्काचे जोखड एप्रिल 2025 पर्यंत मानेवर राहिले. ग्राहकाला स्वस्त कांदा खाऊ घालण्याची ही सबसिडी कोणाच्या खिशातून गेली? कांदा पिकवणाऱ्याच्या!

तेव्हा टोमणा ऐकून मान खाली घालू नका. ठणकावून सांगा : तुमची सबसिडी खुशाल परत न्या, पण आमच्याकडून घेतलेली आधी मोजून द्या, आणि बाजारातला हात काढा.