टिळकांची उरलेली कविता

केशवसुत मालगुंडचे, रेव्हरंड ना. वा. टिळक करजगावचे, दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले. केशवसुतांची कविता आपण सगळी वाचतो. टिळकांची मात्र अर्धीच वाचतो. 'फुलामुलांचे कवी' म्हणून त्यांना एकदा पाठ्यपुस्तकात बसवले, 'वनवासी फूल'चा उल्लेख केला, बालकवी त्यांच्या घरी राहत असत हेही सांगितले, की आपला तास संपतो. ज्या लेखनाला त्यांनी आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे दिली, ती उपासनेची पदे आणि अभंग 'धार्मिक' म्हणून बाजूला राहतात. तुकोबांना आपण हा न्याय लावत नाही, हे विशेष.

टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांनी व लक्ष्मीबाईंनी कशी मोजली हे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना ठाऊकच आहे. मला इथे वेगळ्या चिकाटीविषयी बोलायचे आहे. धर्मांतर एका दिवसात होते. दर रविवारी मंडळीने गावे असे पद लिहिणे वर्षानुवर्षे चालते. मिशनच्या उपासनेत त्या काळी इंग्रजी गीतांच्या भाषांतरांचा भरणा होता. मूळ चालीचा आघात जिथे पडेल तिथे मराठी शब्द ओढूनताणून बसवायचा, ऱ्हस्वाचे दीर्घ करायचे, अर्थ पुढच्या ओळीत लोंबकळत ठेवायचा, असा तो प्रकार. गाणाऱ्याच्या जिभेला तो परका लागणारच. वास्तविक गोव्यात फादर स्टीफन्स यांनी आपले 'ख्रिस्तपुराण' (१६१६) ओवीतच रचले होते. पण तो धागा अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनपर्यंत पोचला नव्हता.

आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे उद्गार टिळकांच्या नावावर सांगितले जातात. ते भावुक विधान म्हणून उद्धृत होते. मला ते छंदाविषयीचे विधानही वाटते. अभंगाचा चरण स्वतःत पुरा होतो; एकाने म्हणावा, बाकीच्यांनी उचलावा. निरक्षर माणसालाही तो दुसऱ्या वेळी येतो. टिळकांनी दोनशेहून अधिक उपासनागीते लिहिली. त्यातली सगळी चांगली नाहीत. काही निव्वळ कामचलाऊ आहेत, काहींत प्रवचन कवितेवर कुरघोडी करते. परंतु नेमके कामचलाऊ लिहिण्याची तयारी असणे, हीच अशा कवीची कसोटी असते. मासिकात कवीचे नाव छापून येते. मंडळीच्या तोंडी पद गेले की नाव गळून पडते. स्वतःच्या योग्यतेची पुरेपूर जाणीव असलेला हा कवी अभंगात 'दास' अशी मुद्रा घालतो. संतपरंपरेचा हा संकेत त्यांनी उसना घेतला असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, त्यांनी तो स्वतःवर लादून घेतला.

निष्ठेचा प्रश्न त्यांना बाहेरच्यांनी विचारला तसा आतूनही छळला. हिंदू समाजाला ते बाटलेले वाटत. आणि परदेशी मिशनचे पगारी नोकर राहून देशी भक्तीचे पद गाता येते का, हा पेच होताच. १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारू पाहिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत ही त्यामागची कल्पना. संस्थेच्या दृष्टीने ती फसली म्हणावी लागेल, कारण १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेलेच. पण ज्याची पदे संस्थेच्या पुस्तकात छापली जात होती, त्यानेच संस्थेचे अन्न सोडावे, ही घटना वाङ्मयाच्या इतिहासात तळटीपेइतकी तरी जागा मागते.

आक्षेप येईल की ही पदे वर्गात शिकवायची म्हणजे धर्मप्रचार. ज्ञानेश्वरी शिकवताना हा आक्षेप कोणी घेत नाही. माझी मागणी साधी आहे: टिळकांचे एखादे पद वर्गात म्हणावे, मग त्यांची एखादी निसर्गकविता म्हणावी, आणि कुठे श्वास अडतो ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.

त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या त्या बाईंनी, चौसष्ट अध्याय.